रतनची मान

इरा, नील,

आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला मोसमातली पहिली शिंक आली. पाठोपाठ शेजारच्या गच्चीवरून एक, मग खाली रस्त्यावर दूधवाल्याची. नंदुरबारला हिवाळा असाच कळतो. थंडी मागाहून येते, आधी मिरची येते.

गावाबाहेर पथाऱ्या लागल्या आहेत. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान, तुम्ही पाहिलं आहे. ओली लाल मिरची ट्रॅक्टरमधून उतरते, बायका ती पसरवत जातात आणि नजर पोचेल तिथवर जमीन लाल होते. त्या बायका तोंडाला ओढणी घट्ट बांधून देठ खुडत बसतात. कोणी डोळ्यांना हात लावत नाही. पदराच्या कोपऱ्याने, मनगटाने, खांद्याने डोळे पुसतात. गावात जन्मलेली पोरंसुद्धा या दिवसांत मनगटानेच डोळे चोळतात.

यंदा आभाळ गढूळ आहे. पथारीवर पाऊस पडला तर मिरची काळी पडते, म्हणून ताडपत्र्या आणून ठेवल्या आहेत आणि सगळे सारखे वर बघत आहेत. मीही दर थोड्या वेळाने गच्चीवर जाते, पण माझं लक्ष ढगांकडे नसतं. फोन हातातच असतो.

मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे. तुमची आई त्यावरून मला अजून चिडवते. आज क्रम राहील असं वाटत नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर इराचा डावा डोळा लाल दिसला. मी विचारलं तर म्हणाली, "प्रॅक्टिसमध्ये बॉल लागला, आजी. पण त्याने नाही. इकडे आता स्प्रिंग आहे, पोलनचा सीझन. सगळ्यांचेच डोळे लाल आहेत."

पृथ्वीच्या त्या दक्षिण टोकाला ऋतू इथल्या उलटे, ते मला पाठ आहे. तू हसत होतीस, इरा. मागून नील काहीतरी बडबडत होता. मी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. "सगळ्यांचेच डोळे लाल आहेत" हे वाक्य मी याच घरात, याच दिवसांत पूर्वी एकदा ऐकलेलं आहे. फक्त ते अहिराणीत होतं.

तेव्हा मी धुळ्याहून लग्न होऊन नवीनच आले होते. वडील हेडमास्तर, त्यामुळे आमच्या घरी पुस्तकी मराठी आणि इंग्रजी. इथल्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवायला लागले. सासरी सगळे अहिराणी बोलत. मला कळायचं, पण बोलायला गेले की सासूबाई तोंडावर पदर घेत. त्यांना सगळे 'बाई' म्हणत, मीही. तुमचे आजोबा अक्कलकुव्याला बँकेत होते, शनिवारी संध्याकाळी घरी येत. म्हणजे आठवडाभर घरात माझ्याशी मोकळेपणाने बोलणारा एकच माणूस, माझा धाकटा दीर रतन.

तुमचे रतनआजोबा. तुमच्यासाठी ते पांढऱ्या मिशांचे, चहात खारी बुडवून खाणारे आजोबा आहेत. तेव्हा ते सडपातळ होते, मिसरूड फुटलेलं, आणि स्टेशनापासून बाजारापर्यंत कुठेही थांबले तरी भोवती चार माणसं जमत. आमच्या शेताची गावाकडची कड हिवाळ्यात व्यापाऱ्यांना पथारीसाठी दिली जाई. मिरचीचा एक पट्टा वाळून उचलला की त्या मोकळ्या जागेवर रतन आणि त्याचे मित्र फुटबॉल खेळत. त्याचं सगळं शिक्षण तिथलं. बूट मागाहून आले. त्या मातीत मिरचीची भुकटी मुरलेली असे. चेंडू आपटला की तांबूस धूळ उठे आणि बाहेरगावचा संघ शिंकून शिंकून बेजार होई. आमची पोरं मात्र कोरड्या डोळ्यांनी पुढे पळत.

रतनचा एक फटका होता, डाव्या पायाचा. चेंडू सरळ निघायचा आणि मध्येच असा वळायचा की गोलकीपर एका बाजूला आणि चेंडू दुसऱ्या. लोक त्याला 'इया' म्हणत. इया म्हणजे विळा. अहिराणीत ळ येतच नाही, विळ्याचा इया होतो आणि डोळ्याचा डोया. "रतननी इया मारा!" ही आरोळी मी शाळेत व्याकरण शिकवत असताना खिडकीतून यायची आणि अख्खा वर्ग माना वळवायचा.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तो माझी परीक्षा घ्यायचा.

"भाभी, तुम्हले एवढी इंग्रजी येस. मंग सांगा, ऑफसाइडले मराठीमा काय म्हनतंस?"

मी विचारात पडले की म्हणायचा, "ऑफसाइडच म्हनतंस! हेडमास्तरनी पोर नापास!"

बाई चुलीपासून म्हणायच्या, "तू दहावीले कितीदा बठना ते सांग आधी तिले."

त्या हिवाळ्यात संक्रांतीच्या सुमाराची स्पर्धा होती आणि आमचा संघ फायनलला पोचला होता. मुंबईच्या एका मोठ्या क्लबची दोन माणसं फायनल बघायला येणार, ती खास रतनसाठी येणार, हे गावात चहाच्या टपरीवरच्या पोरालाही माहीत होतं. रतनला त्याचं ओझं वाटत असेल तर त्याने दाखवलं नाही. सेमीफायनलला, अगदी शेवटी, समोरच्याचा जोरदार फटका रतनच्या तोंडावर बसला. तो खाली बसला, उठला, हसला, खेळला. डोळा लाल झाला. घरी आल्यावर बाईंनी दुधाची पट्टी ठेवली, धण्याचं पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर चहा ठेवला. तो कपाकडे वाकून बघत राहिला.

"भाभी, चहामा माशी पडनी का?"

मी बघितलं. "नाही रे. थंडीत कुठली माशी?"

"मंग ती मन्हा डोयामा शे," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "एक नही, चार-पाच शेतस. देखाले गयं का पयतीस."

बघायला गेलं की पळतात. बाई पीठ मळत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मिरची शे ती. गावमा सगयासना डोया लाल शेतस. तुन्हा काय येगया शे का?"

खोटं नव्हतं. माझे लाल होते, त्यांचे होते, दारात आलेल्या टपालवाल्याचे होते. गावात दुखणं वेगळं काढता येईल असा एकही पांढरा डोळा उरला नव्हता. डॉक्टरकडे गेलं असतं तर त्यांनीही आधी स्वतःचे डोळे पुसले असते.

पुढे दोनेक दिवसांत मी त्याचा कप डाव्या हाताशी ठेवला आणि त्याने तो कोपराने पाडला. मी फडकं आणायला गेले. परत आले तर तो सांडलेल्या चहाकडे नाही, भिंतीकडे बघत होता. उजव्या तळहाताने उजवा डोळा झाकून. मला बघून त्याने हात काढला.

"काय झालं?"

"काही नही." मग जरा वेळाने, हळू, बाईंना ऐकू जाणार नाही असं, "भाभी, डावीकडून कोनीतरी पडदा वढी ऱ्हायना."

मी फडकं खाली ठेवलं. मला डोळ्यांच्या आजाराचं काही ज्ञान नव्हतं. पण मी भाषेची शिक्षिका आणि पडदा हा शब्द मिरचीचा नव्हता. मिरची झोंबते, चुरचुरते, आग करते, पाणी आणते. मिरची पडदा ओढत नाही. मी म्हटलं, उद्या सकाळच्या एस्टीने धुळ्याला चल, माझ्या वडिलांच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. तो म्हणाला, "रविवारे फायनल शे. सोमवारे जासूत." शनिवारी तुमचे आजोबा आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "इतके दिवस गेले, एक दिवसाने काय होतं? सोमवारी मी स्वतः नेतो." बाई म्हणाल्या, "नवी नवरी आशीच घाबरस. पुढला साल तुले बी समजी जाई मिरची."

त्या रविवारी ऊन कोवळं होतं, मैदानाच्या तिन्ही बाजूंना माणसं आणि चौथ्या बाजूला लाल मिरची. सुरतेकडचा संघ होता. मुंबईचे पाहुणे खुर्च्यांवर, नाकाला रुमाल. बायकांसाठी एका कडेला सतरंजी टाकली होती. मी तिथे बसले आणि चेंडूकडे एकदाही बघितलं नाही. मी फक्त रतनकडे बघत होते.

तो डावीकडून येणारी प्रत्येक गोष्ट मान वळवून बघत होता. नुसती नजर टाकून नाही. कोंबडा दाणा टिपण्याआधी कशी अख्खी मान झटकन वळवतो, तशी. चेंडू घेताना, पास देताना, फटक्याआधी. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय रुबाब शे पोऱ्याना!" आणि सगळ्या हसल्या.

आमचा गोलकीपर इस्माईल. बाजारातल्या पिंजाऱ्याचा मुलगा, गाद्या भरणारा, कापसाचे तंतू केसांत घेऊनच मैदानावर यायचा. तो एरवी फार बोलत नसे. त्या दिवशी मात्र पहिल्या मिनिटापासून गोलमधून ओरडत होता, "डावे! रतन, डावे! डावे देख!" लोकांनी त्याची टर उडवली. कोणी म्हणालं, "इस्माईल, रेडिओ बंद कर ना भो!" त्याने बंद केला नाही. तेव्हा मला समजलं की हे माहीत असलेली मी एकटी नाही.

उत्तरार्धात रतनला डावीकडे मोकळी जागा मिळाली. त्याने मान वळवली, गोलकडे बघितलं, पुन्हा मान सरळ केली आणि इया मारला. पुढचं मला आरोळीवरून कळलं. लोक पथारीवर धावत गेले, मूठमूठ मिरची उधळली, व्यापारी शिव्या देत त्यांच्यामागे, आणि सगळं गाव एकाच वेळी शिंकत आणि हसत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणी कारण विचारलं नाही. या दिवसांत इथे कोणी विचारत नाही.

सोमवारी धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि मग आम्हाला विचारलं, "एवढे दिवस काय करत होतात?" आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रियेसाठी मुंबईला पाठवलं, ती झाली, पण डाव्या डोळ्याला उजेड-अंधार याखेरीज पुढे काही कळलं नाही. गावात सांगितलं की रतन क्लबच्या चाचणीसाठी मुंबईला गेला आहे. ते अर्धं खरं होतं. इस्पितळातून सुटल्यावर काही महिन्यांनी तो खरंच चाचणीला गेला आणि क्लबने त्याला घेतलं. डोळे तपासताना बोटांच्या फटीतून कसं वाचलं, त्याचं नाटक तो आम्हाला करून दाखवायचा. इस्माईल पोट धरून हसायचा. मला हसू यायचं नाही.

त्यानंतरचं तुम्ही गावातून ऐकलं आहेच. मुंबईत इतकी वर्षं, राज्याच्या संघाची जर्सी, वर्तमानपत्रात फोटो. सुट्टीत तो इथे एखादा सामना खेळायला आला की अक्कलकुव्याहून जीपच्या टपावर बसून माणसं येत. मणिबेलीकडून होडी, मग जीप, मग पायी आलेले म्हातारे मी स्वतः आमच्या ओट्यावर पाणी पिताना पाहिले आहेत. त्याच्या मुंबईच्या संघाचा गोलकीपर गोव्याचा होता. त्याला मराठी येत नव्हतं. रतनने त्याला एकच शब्द शिकवला, 'डावे'. आम्हा तिघांखेरीज, म्हणजे मी, तुमचे आजोबा आणि इस्माईल, हे कोणाला माहीत नव्हतं. बाईंनाही नाही. त्या शेवटपर्यंत म्हणत, "मन्ही दूधनी पट्टी लागनी, नही ते डोया जाता." रतन त्यांच्या पाया पडायचा आणि माझ्याकडे बघून उजवा डोळा मिचकवायचा.

मी त्याचे सामने कधी सुखाने बघितले नाहीत. रेडिओवर ऐकतानाही माझी नखं तळहातात रुतलेली असत. दुसरा डोळा राहिला होता, एकच. जो चेंडू हवेत उडेल तो मला त्या एका डोळ्याकडे चाललेला दिसायचा. लोक म्हणत, भाभीला दिराचं किती कौतुक, डोळ्यांत पाणी येतं. कौतुक होतंच. पण ते पाणी कौतुकाचं नव्हतं.

आणि मान. नंदुरबारच्या कुठल्याही मैदानावर जा, आजही फटका मारण्याआधी पोरं मान डावीकडे झटकतात. त्याला नावही आहे, 'रतनची मान'. प्रशिक्षक शिकवतात. रतनने स्वतः कधी शिकवली नाही. पोरं करायला लागली की तो नजर वळवतो, म्हणजे खरं तर मान वळवतो, आणि पोरांना तो आशीर्वाद वाटतो. इरा, मागच्या खेपेला तू गल्लीतल्या मुलांकडून ती शिकून गेलीस. फोनवर सांगितलंस की तुझ्या कोचने विचारलं, हे कुठून आणलंस, आणि तू म्हणालीस, "फ्रॉम माय लेजेंड ग्रँडअंकल." मी ते रतनला सांगितलं तेव्हा त्याने खारी अर्धीच ठेवली होती.

तर रविवारचा फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. सोमवारी मी पुन्हा फोन केला.

"इरा, डोळ्यासमोर माश्या दिसतात का?"

"कसल्या माश्या, आजी?" तू हसलीस. मग जरा थांबून म्हणालीस, "फ्लाइज नाही, पण ब्लॅक डॉट्स फिरतात. बघायला गेलं की पळतात."

तुझ्या आईने फोन घेतला. "आई, तू उगाच घाबरतेस. ॲलर्जी आहे, ड्रॉप्स दिलेत. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतली आहे."

पुढचा आठवडा. सोमवारे जासूत. मी काय काय बोलले! पडदा, उशीर, धुळ्याचे डॉक्टर, सगळं गोळा करून. पण रतनचं नाव घेऊ शकले नाही, कारण ते गुपित माझं नव्हतं. नावाशिवाय ती सगळी एका म्हातारीची काळजी होती. तुझी आई म्हणाली, "बरं बरं, बघते." ते 'बघते' मला चांगलं माहीत आहे. मीही तिला तसंच म्हणत असे.

रतन समोर बसला होता. कप उजव्या हाताशी, मी तो कायम तिथेच ठेवते. त्याने हात पुढे केला. "दे इकडे."

तुझ्या आईला तो लहानपणापासून बेटा म्हणतो. म्हणाला, "बेटा, मी तुन्हा काका बोली ऱ्हायनू. मन्हा डावा डोया आंधया शे."

त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"आजना नही. मी इया मारा ना फायनलमा, त्या दिनले बी त्यामा काही दिसत नव्हतं. बॉल लागना, माश्या उडन्यात, आम्ही सगया म्हनूत मिरची शे. तू भाभीनं ऐक. आज जाय. आठवडा नको, आज."

तुझी आई एवढंच म्हणाली, "काका, पण तुमची ती मान..."

"हां," रतन म्हणाला. "तीच."

फोन ठेवल्यावर त्याने चहा संपवला. मी विचारलं, हे सगळं मुलांसाठी लिहून ठेवू का? म्हणाला, "लिख ना, भाभी. आते माले कोन टीममाईन काढी?" आणि हसला.

हे त्यानंतर, गच्चीवर बसून लिहिते आहे. तुम्ही डॉक्टरांकडे गेल्याचा मेसेज आला, पुढचा आला नाही. पथारीवर ताडपत्र्या ओढणं चाललं आहे. पश्चिमेचे ढग खाली आले आहेत, बायका पळापळ करत आहेत, कोणीतरी कोणाला तरी ओरडून सांगतं आहे की डावी कड उघडी राहिली. रतन दोनदा जिन्यापर्यंत येऊन गेला. वर येत नाही, विचारतही नाही. नुसता खाकरतो. मी इथूनच "नाही अजून" म्हणते. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मी मघापासून पेन धरलेल्या हाताच्या मनगटाने डोळे पुसते आहे.

थोडे थेंब पडले आणि थांबले.

आता आला. आधी तुझ्या आईचा, लांबलचक. डोळ्याच्या आतल्या पडद्याला कडेशी लहान चीर गेली होती, पडदा अजून जागेवर आहे, लेसर लगेच केलं, आणखी काही दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं असं डॉक्टर म्हणाले. काही आठवडे खेळायचं नाही. मी ते उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. त्याखाली इरा, तुझा, तीनच शब्दांचा:

"मिरची नव्हती, आजी."

मी खाली जाऊन रतनला वाचून दाखवलं. तो ओट्यावर बसला होता. समोर पथारीच्या मोकळ्या पट्ट्यात पोरं पुन्हा खेळायला लागली होती. एका पोराने चेंडू पायाखाली घेतला, मान डावीकडे झटकली आणि फटका मारला. रतनने ते पाहिलं. मग माझ्याकडे वळला. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते, त्यामुळे अख्खी मान वळवून.

"तिले सांग, भाभी," तो म्हणाला. "बरी व्हयनी का खेय म्हना. पन मान सिधी ठेवीसन."